सदतिसावा टॉवेल

उरणला राहणाऱ्या माणसाला जहाजाचं अप्रूप नसतं. सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर गेलं की दोन-चार उभी दिसतातच, आणि रस्त्यावर उतरलं की कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांच्या रांगेत आपली रिक्षा अडकतेच. मी तर याच धंद्यात आयुष्य काढलं. परदेशी जाणारा माल निघण्याआधी त्याची खोकी उघडायची, मोजायची, वजन करायची, डाग आणि भोकं शोधायची आणि पास की नापास ते लिहून द्यायचं, हे माझं काम. त्यात माझा एकच हेका आहे: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते मी सांगत नाही. त्यापायी ऑफिसात मला मागून काय म्हणतात तेही ठाऊक आहे. ते मात्र इथे लिहीत नाही, कारण ते मी फक्त ऐकलंय.

तर जानेवारीतल्या एका पहाटे साहेबांचा निरोप आला म्हणून मी सोलापूरला निघाले. खरं सांगायचं तर नाक मुरडतच. टॉवेल तपासायला मी दक्षिणेतल्या गावांना कितीतरी वेळा गेले आहे, उत्तरेतही गेले आहे. सोलापूरला दोनदाच, आणि दोन्ही वेळा माल नापास करून परतले होते. एकदा टॉवेल दमट होते, एकदा लेबलं उलटी शिवली होती. आमच्या ऑफिसात म्हणायची पद्धतच पडली होती, की सोलापूर म्हणजे दोन फेऱ्या, पहिली हमखास नापास. मीही ते हसत म्हणत असे.

पनवेलहून एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, शेजारी कुणी नाही. प्रवासात मला एक खोड आहे, समोरून बंदराकडे येणारे ट्रेलर मोजायचे. पुण्याच्या आसपास मोजता मोजता मान दुखायला लागली, इतके आले. पुणं मागे पडलं तशी रांग विरळ झाली. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसू लागलं, त्यात गुलाबी पक्षी एका पायावर उभे होते, आणि रस्त्यावर ट्रेलर जवळजवळ संपलेच. उसाचे ट्रॅक्टर मात्र पुढेही आणि मागेही. परदेशी व्यापाराचे नकाशे कागदावर रंगवतात म्हणे, गडद जिल्हे आणि फिके जिल्हे. मला तो नकाशा एसटीच्या खिडकीतून दिसत होता.

इंदापूरला एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. पांढरा सदरा, पायात नवे बूट, मांडीवर पेढ्यांचा पुडा. सोयरीक जमवून परतत होते, म्हणून मूड चांगला होता. मध्येच एक बंद शीतगाडी समोरून गेली तसे ते खिडकीकडे वाकले.

"आमची केळी चालली बघा," ते म्हणाले.

"तुमची? ओळखलीत कशी?"

"आता ह्या रस्त्यानं थंड गाडी म्हंजे केळीच की. टेंभुर्णी, कंदर, तिकडचीच. आखातात जात्यात. मी अजून इमान बघितलं न्हाय आन् माझं केळं दर्यापार जाऊन आलंय!"

"माळशिरसकडून नाही जात काही?" मी विचारलं.

"तितं ऊस लई. ऊस काय, तोडला की कारखान्यात. माझी भन बार्शीला दिलीया, तितं धान्याचा बाजार केवढा मोठा! पर त्यांचं तोंड लातूराकडं, पुण्याकडं. दर्याकडं कुणाचं तोंडच न्हाय."

"मग तुमचंच कसं वळलं?"

त्यांनी जरा विचार केला. "आमी काय लई शाणं न्हाय, बाई. एक जण आला. त्यानं केळ कसं धुवायचं, कसं मोजायचं, कुठल्या खोक्यात किती फण्या, समदं दावलं. आदी आमीबी हसलोच. येकानं केलं, मग वाडीनं केलं. सांगणारं माणूस यावं लागतं."

टेंभुर्णीला उतरताना त्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला, आणि खाली उतरल्यावर खिडकीतून आणखी एक दिला.

दुपार टळता टळता सोलापूर आलं. लॉजवर सामान टाकलं आणि चटणी घ्यायला शुक्रवार पेठेत गेले. सोलापूरला जाऊन शेंगाचटणी आणली नाही तर शेजारणी घरात घेणार नाहीत. गल्लीतल्या एका लहानशा दुकानात उखळात कुटलेली चटणी तेल सुटून लालभडक झाली होती. दुकानदारांनी अर्धा किलो तोलली, काटा अगदी मध्ये आला, आणि तरी त्यांनी चमचाभर वर टाकली.

"काटा बरोबर होता की," मी म्हणाले. सवय जात नाही.

"काटा बरोबरच हाय. ही वरची," ते म्हणाले आणि पुडी बांधायला लागले. मी खूश झाले. रात्री खोलीत कडक भाकरी (इथे कडक, पापडासारखी वाळवलेली भाकरी मिळते आणि महिनाभर टिकते) मोडून त्या चटणीशी खाल्ली आणि लवकर झोपले.

कारखाना अक्कलकोट रस्त्याला होता. रिक्षा आत वळली आणि दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट सुरू झाला. पत्र्याच्या शेडमध्ये बारा यंत्रमाग. मालक व्यंकटेश पन्नाशीचे, केसांत कापसाचे तंतू, बोलणं हळू. मागांच्या आवाजात वाढलेली माणसं एक तर ओरडून बोलतात किंवा अगदी हळू. हे दुसऱ्या जातीतले. त्यांच्या पत्नी पद्मा दारात वाट पाहत होत्या, हातात कागदांची फाइल. इंग्रजी पत्रव्यवहार, कॉम्प्युटर, सरकारी अर्ज, सगळं त्याच बघतात हे दोन मिनिटांत कळलं.

"मॅडम, आधी थोडं खाऊन घ्या," त्यांनी पुलिहोरा (चिंचेचा भात, तेलुगू घरांतला) पुढे केला. तपासणीच्या आधी मी कुणाकडे पाणीसुद्धा घेत नाही. तसं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, पण त्यांनी ताट झाकून ठेवलं.

मग फाइल उघडून त्यांनी मला एक कागद दाखवला. माल परदेशी पाठवताना भरायचा तो अर्ज. त्यातल्या एका चौकटीत माल कुठल्या जिल्ह्याचा ते लिहायचं असतं.

"हे बघा. सोलापूर," पद्मा म्हणाल्या. "आमचे टॉवेल वीस वर्षं भाईर चाललेत. पण परराज्यातला व्यापारी घेऊन जायचा, तितं त्यांचं लेबल लागायचं, त्यांच्या गावाचं नाव लागायचं. ह्या वेळी पैल्यांदा आमचं आमी पाठवतोय."

व्यंकटेश मध्येच म्हणाले, "बाबा असताना मी त्यांना विचारलं होतं, आपला माल कुटल्या देशात जातो? ते म्हणले, स्टेशनपर्यंत जातो येवढं मला म्हाईत हाय."

मी त्या चौकटीकडे बघितलं. मी असे हजारो अर्ज पाहिले असतील. जिल्ह्याची चौकट कधी वाचलीही नव्हती.

खरेदीदार परदेशातला, ऑर्डर लहान, दोनशे दहा खोक्यांची. ती नीट गेली तर पुढच्या वर्षभराचं काम त्यांना मिळणार होतं. न गेली तर तो पुन्हा दक्षिणेतल्या आपल्या जुन्या कारखान्याकडे जाणार, हे त्याने पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. माल दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत न्हावा-शेव्याच्या गोदामात पोचायचा, त्यानंतर त्या जहाजासाठी माल घेणं बंद. ट्रक दारात उभा होता. चालक रसूलभाई टायरला टेकून बसले होते.

"मैडम, पाँच बजे तक मेरे कू छोडो," ते म्हणाले. "रस्ता मै काट लेता. पन गोदाम का दरवाजा मेरे मामू का नै."

मी कामाला लागले. मागांची शेड, शिलाईची खोली, मग पॅकिंग. पॅकिंगच्या खोलीत भिंतीला लागून खोकी रचलेली, आणि मध्ये लांब टेबलाच्या टोकाला उंच स्टुलावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या, हातात कात्री. या व्यंकटेश यांच्या आई, नरसम्मा. सगळे त्यांना अम्मा म्हणत होते. टेबलाभोवतीच्या सात-आठ बायका त्यांच्या भुवईकडे बघून हात चालवत होत्या.

"बस की, बिड्डा," त्या मला म्हणाल्या. बिड्डा म्हणजे लेकरू. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कुणी लेकरू म्हटलं नव्हतं. मी कोरड्या आवाजात म्हणाले, की मी उभीच काम करते.

टॉवेल उघडला आणि मी मनातल्या मनात ऑफिसातल्या त्या थट्टेची माफी मागितली. पांढरा शुभ्र, कडा सरळ, शिवण एकसारखी, सुताचे फासे दाट. उन्हात धरला, ओढला, तोलला, नाकाला लावला. दमटपणाचा वास नाही. दक्षिणेतल्या मोठ्या कारखान्यांत पांढऱ्या दिव्यांखाली, प्रयोगशाळा शेजारीच असताना जो टॉवेल बनतो, त्याच्या तोडीस तोड टॉवेल इथे पत्र्याखाली बनला होता. नमुना तपासायला यांना मुंबईला कुरिअर करावा लागतो, आणि उत्तर यायला आठवडा जातो.

मग मोजणी. यादीतून मी मनाला येईल तो आकडा निवडला आणि ते खोकं उघडायला लावलं. प्रत्येक खोक्यात छत्तीस टॉवेल, फीत बांधलेले तीन डझन. वर एक सुटा टॉवेल पसरलेला होता. धूळ लागू नये म्हणून झाकण असेल असं वाटलं. काढला, उलटा केला. झाकण नव्हतं. अगदी तसाच, लेबल लावलेला, विक्रीचा टॉवेल.

सदतीस.

दुसरं खोकं उघडलं. सदतीस. तिसरं, भिंतीच्या अगदी मागचं काढायला लावलं. सदतीस. वजनाच्या काट्यावर ठेवलं तर यादीतल्यापेक्षा एका टॉवेलाने जड. मला रागच आला. म्हटलं, झालं, दोन फेऱ्या.

"व्यंकटेश, इकडे या. यादी कुणी केली?"

"मी," पद्मा पुढे आल्या. "नमुन्याचं खोकं मी स्वतः भरलं होतं, मॅडम. छत्तीस. वजनबी त्याचंच लिहिलं."

त्यांनी माझ्यासमोर मोजलं. दोनदा मोजलं. मग हळूच मान वळवून त्या अम्मांशी तेलुगूत काहीतरी बोलल्या. टेबलाभोवतीच्या बायकांचे हात थांबले.

अम्मांनी मराठीतच उत्तर दिलं, मला ऐकू यावं म्हणून. "व्हय, घातलाय की. समद्या खोक्यात घातलाय. पैलंच गिऱ्हाईक हाय. त्याला मोजून द्यायचं व्हय?"

आणि मग कळलं ते असं. गावातल्या व्यापाऱ्याला माल जाताना गठ्ठ्यावर एक टॉवेल वर ठेवायचा, ही या घराची चाळीस वर्षांची रीत. अम्मा स्वतः ठेवतात. ते कुणी लिहीत नाही, कुणी बोलत नाही. पॅकिंगच्या बायकांना वाटलं, घरच्यांना माहीतच आहे. घरच्यांच्या मनातही आलं नाही, की परदेशच्या खोक्यातसुद्धा अम्मा वरचा टॉवेल घालतील. चोरी नाही, निष्काळजीपणा नाही. आदल्या संध्याकाळी चटणीवर पडलेला तो चमचा मला आठवला. तेव्हा मी खूश झाले होते.

पण बंदरावर हे चालत नाही. कागदावर छत्तीस आणि खोक्यात सदतीस म्हणजे न सांगता माल पाठवला असा अर्थ होतो. तिथे कुणी उघडून पाहिलं तर सगळा माल अडकतो. पलीकडे, परदेशातल्या गोदामात खोकं काट्यावर चढतं, वजन जुळलं नाही की सरकता पट्टाच त्याला बाजूला ढकलतो. कागदावर सदतीस करावं, तर ऑर्डरच छत्तीसची. मी हे सगळं व्यंकटेश यांना सांगितलं. ते खोक्यांच्या रांगेकडे बघून हळूच म्हणाले, "दोनशे दहा."

मी साहेबांना फोन केला. "नापास लिहा आणि या," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात जहाज नाही."

"तो आपला प्रश्न नाही."

खरंच नव्हता. दोनची एसटी मला सहज मिळाली असती. पण त्या टॉवेलात मला एक दोष सापडला नव्हता, आणि नापास लिहायला माझा हात धजेना. "आज परत तपासते," मी म्हणाले. "थांबते इथेच."

व्यंकटेश यांनी खोकी उघडायला सांगितलं. एकही बाई हलली नाही. सगळ्या अम्मांकडे बघत होत्या.

"दिल्यालं परत काढायचं न्हाय," अम्मा म्हणाल्या.

"अम्मा, ऐक की," व्यंकटेश त्यांच्या पायाशी बसले. "माल जायाचा न्हाय."

"नगं जाऊ दे. पैल्याच मालाला हात आखडायचा? माझ्या हातनं न्हाय होणार." त्या माझ्याकडे वळल्या. "बिड्डा, तुला म्हाईत हाय का, मी ह्या घरात यायच्या आदी विड्या वळायची. रोज हजार द्यायच्या. ठेकेदार मोजायचा, मूठभर उचलायचा, ह्या खराब म्हणून फेकायचा आन् धरायचा कमी. खराब नसायच्या त्या. माझ्या बोटांना म्हाईत की. तवाच ठरवलं, माझ्या हातनं जे जाईल त्यात कुणी कमी काढायचं न्हाय. वरच असंल."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. दक्षिणेतल्या त्या गावांत असं कधी घडलं नसतं, कारण तिथे एक पिढी आधीच कुणीतरी चुकलं, कुणीतरी सांगितलं, आणि आता तिथल्या पोरीसोरींनासुद्धा ठाऊक असतं. या घरात आज पहिल्यांदा चूक होत होती, आणि सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी मागच्या दोन्ही वेळा काय केलं होतं? नापास लिहून एसटी पकडली होती. ओला टॉवेल कसा वाळवतात, हे विचारायलासुद्धा कुणाला सवड दिली नव्हती. याची मला त्या खोलीत उभ्या उभ्या लाज वाटली.

मी स्टूल ओढून अम्मांच्या शेजारी बसले.

"अम्मा, पलीकडे हे खोकं कोण उघडेल?"

"गिऱ्हाईक."

"गिऱ्हाईक नाही. गोदामात कामाला असलेली एखादी बाई उघडेल. माझ्यासारखी. तिच्या कागदावर छत्तीस लिहिलंय. तिने मोजले, सदतीस. ती काय म्हणेल?"

"खूश व्हईल."

"तो टॉवेल तिचा नाही. ती साहेबाला सांगेल. साहेब म्हणेल, तू नीट मोजलं नाहीस. ती परत मोजेल, परत सदतीस. मग म्हणेल, हा कुठल्या दुसऱ्या खोक्यातला उचललास? दोनशे दहा खोकी, अम्मा. प्रत्येक वेळी तिला हेच ऐकावं लागेल."

अम्मांची कात्री थांबली होती. त्यांनी विचारलं, "तिच्यावर आळ येईल म्हणतीस?"

"येईल."

"त्या ठेकेदारावानी तिला कुणी बोलंल?"

"बोलेल."

त्यांनी पदर खोचला, स्टुलावरून उतरल्या, जवळच्या खोक्याची चिकटपट्टी कात्रीने चर्रकन फाडली आणि वरचा टॉवेल काढून टेबलावर आपटला. "मग काढा. आपल्या देण्यापायी कुणाला बोल नगं," असं म्हणून त्या पुढच्या खोक्याकडे वळल्या.

त्यानंतर जी धांदल उडाली ती मी विसरणार नाही. मागांवरचे कामगार माग बंद करून आले. शेजारच्या दोन कारखान्यांतून माणसं आली. एरवी सोलापुरात एका शेडचं दुसऱ्या शेडला कळू देत नाहीत, असं पद्मा म्हणाल्या, त्या दिवशी मात्र शेजारचे मालक स्वतः मांडी घालून पट्ट्या फाडत होते आणि फाडता फाडता विचारत होते, "मग वजन कसं लिवायचं, मॅडम? आन् यादीत किती चुकलं तर चालतं?" मला पॅकिंगला हात लावायची मुभा नव्हती. पण तोंडाला बंदी नव्हती. मी बोलत राहिले. दमट टॉवेलाचं सांगितलं, लेबलाचं सांगितलं, कुठल्या चुका गावोगाव होतात ते सगळं सांगितलं. पद्मा एका हाताने खोकी सारत दुसऱ्या हाताने लिहून घेत होत्या.

तीन वाजता चिकटपट्टी संपली. नव्वद खोकी उघडी आणि गावात कुठल्या दुकानात किती पट्टी मिळेल कुणाला ठाऊक नाही. रसूलभाई टायराजवळून उठले, कुणाची तरी मोटरसायकल घेतली आणि अर्ध्या तासाने गळ्यात पट्ट्यांची माळ घालून आले.

"पूरा बाजार खाली कर दिया," ते म्हणाले. "अब सोलापूर में किसी का बी पार्सल नै जाता!"

साडेचारला मी पुन्हा निवडून खोकी उघडायला लावली. छत्तीस. छत्तीस. वजन बरोबर. शेवटचं खोकं मोजताना सगळी खोली माझ्या ओठांकडे बघत होती. छत्तीस म्हटल्यावर व्यंकटेश यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांना काही सुचेना, म्हणून ते खालचे तंतू गोळा करत बसले.

कागद भरताना एका ठिकाणी अडले. पहिल्या तपासणीत काय चुकलं त्याचं कारण लिहावं लागतं. आमच्या यादीत दोषांची मोठी रांग आहे, डाग, भोक, कमी भरले, मोजणीत चूक. मुद्दाम जास्त दिले, याला शब्दच नाही. मोजणीत चूक असं लिहिलं तर ते खोटं झालं असतं. मग शेऱ्याच्या जागी सरळ लिहिलं, की खोक्यात एकेक टॉवेल रीत म्हणून वर घातला होता, तो माझ्यासमोर काढला. खाली सही केली: पास.

पाचला दहा मिनिटं असताना ट्रकपुढे नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा आणि तो झाकून ठेवलेला पुलिहोरा मी ट्रकच्या सावलीत उभी राहून खाल्ला. भूक सपाटून लागली होती, त्यात चिंचेचा आंबटपणा आणि शेंगदाणे. तसा भात मी पुन्हा खाल्लेला नाही. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत व्यंकटेश तो जिल्ह्याच्या चौकटीचा कागद छातीशी धरून उभे होते.

काढलेले टॉवेल टेबलावर ढिगाने पडले होते. अम्मांनी ते मदतीला आलेल्या माणसांना वाटून टाकले, शेजारच्या मालकांनासुद्धा. एक माझ्यापुढे धरला.

"मला घेता येत नाही, अम्मा. नियम आहे."

"तुमचं समदंच मोजून," त्या म्हणाल्या आणि टॉवेल घडी करून परत ठेवला. रागावल्या नव्हत्या. पण हिरमुसल्या होत्या, ते मला दिसलं. निघताना मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं ते जहाज तुझ्या घरापासनं दिसतं म्हणं?"

"दिसतं."

"मी दर्या बघितला न्हाय. आमचा माल दिसला तर सांग."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीत मी ट्रेलर मोजले नाहीत. झोप लागली होती. घरी आल्यावर शेजारणींनी चटणी वाटून घेतली आणि अर्ध्या तासात संपवली. साहेबांनी माझा शेरा वाचून फोन केला, की हे काय लिहिलंय, कारण यादीतलं लिहायचं असतं. मी म्हटलं, मग यादीत भर घाला. पुढे काय झालं माहीत नाही. पण त्यांनी मला फोनवर, सोलापूरला पुन्हा जाणार का, असंही विचारलं, आणि मी हो म्हणाले.

पाचव्या दिवशी सकाळी पद्मांचा फोन आला. माल जहाजावर चढला होता, कागद आले होते, जहाज आज निघणार होतं. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. "अत्तम्मांना (सासूबाईंना) बोलायचंय तुमच्याशी," त्या म्हणाल्या.

मी फोन कानाला धरूनच गच्चीवर गेले. खाडीपलीकडे धुकं होतं. चार जहाजं दिसत होती, त्यांच्यावर लाल, निळे, करडे कंटेनर डोंगरासारखे रचलेले. त्यातलं कुठलं त्यांचं, त्या चारांत ते होतं तरी की नाही, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"बिड्डा," पलीकडून आवाज आला, मागांच्या खडखडाटातून. "दिसलं का आमचं जहाज?"

मी त्या चारांकडे पुन्हा एकदा बघितलं. गेली इतकी वर्षं जे पाहिलं नाही ते मी कधी सांगितलेलं नाही.

"दिसलं की, अम्मा," मी म्हणाले. "आत्ताच निघालं. तुमची खोकी अगदी वरच आहेत."